विंडोजचे अपडेट अडते कुठे?

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम २७ जून २०१७ रोजी ‘पेट्या’ विषाणूच्या हल्ल्यामुळे कोलमडले. हा विषाणू विंडोजमधील ज्या त्रुटींचा फायदा घेत पसरत होता, त्यांतील एका प्रमुख त्रुटीवरचा उतारा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. ‘अपडेट झाले नाही’ हा संदेश दुर्लक्षिणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

अपडेट तीन टप्प्यांत होते : फाइल उतरवणे, तपासणे आणि संगणक पुन्हा सुरू होताना जुन्या फाइलच्या जागी नव्या बसवणे. यातील कोणताही टप्पा अर्धवट राहिला, की विंडोज केलेले बदल मागे घेते. आगाशीतील एखाद्या घरी नेमकी याच वेळी वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर फाइल बिघडण्याचा धोका असतो.

उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी व त्रुटीचा क्रमांक टिपून ठेवावा. क्रमांकाच्या शेवटी ८००७००७० असेल, तर डिस्कवर जागा अपुरी आहे. अशा वेळी ‘डिस्क क्लीनअप’ने तात्पुरत्या फाइल काढाव्यात. त्यानंतर संगणक एकदा ‘रीस्टार्ट’ करावा, तारीख-वेळ तपासावी आणि सेटिंग्जमधील ‘ट्रबलशूट’ चालवावे.

तरीही अडचण कायम राहिल्यास विंडोज अपडेट व बिट्स या दोन सेवा थांबवून विंडोजच्या फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू कराव्यात. विंडोज नवा फोल्डर तयार करून फाइल नव्याने उतरवते. मूळ प्रणालीच्याच फाइल बिघडल्या असतील, तर ‘डिस्म’ व त्यानंतर ‘एसएफसी’ या आज्ञा उपयोगी पडतात.

प्रत्येक वेळी दोष वापरणाऱ्याचा नसतो. जानेवारी २०२४ मधील एक अपडेट अनेक संगणकांवर अडले, कारण त्याला ‘रिकव्हरी पार्टिशन’मध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अशा संगणकावर अपडेट येत नसल्यास तो बिघाड असेलच असे नाही. विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवणे किंवा नव्या आवृत्तीकडे वळणे, हाच त्यावरील मार्ग आहे.