चौकातले ऊन

अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर लिहितो : माणसाच्या गरजा अमर्याद आहेत, साधने मर्यादित आहेत. रॉबिन्स यांनी 1932 साली या शास्त्राची जी व्याख्या केली, तिचा हा पाया. गेली वीस वर्षे मी हे वाक्य शिकवीत आलो आहे. परंतु ज्या घरातून निघून मी ते शिकवायला जातो, त्या घरानेच अलीकडे मला त्याविषयी विचारात पाडले आहे.

हे घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधील, वडिलांनी घेतलेले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात सिडकोसाठी ही वसाहत रचली. सात लहान घरे आणि त्यांच्या मध्ये आठ मीटर लांबी-रुंदीचा सामाईक चौक, अशी तिची मांडणी. भूखंड सुमारे 45 ते 75 चौरस मीटरचे. म्हणजे रहिवाशांच्या उत्पन्नात मोठे अंतर असले, तरी जमिनीत फारसे नाही. कोणत्याही दोन घरांची भिंत एक नाही, कारण ऐपतीप्रमाणे प्रत्येकाला आपले घर स्वतंत्रपणे वाढविता यावे, हा उद्देश. गरजा वाढणारच, हे कोरियांनी गृहीत धरले होते. त्या वाढल्याही. मूळच्या कित्येक घरांच्या जागी आज मजले चढले आहेत.

आमच्या चौकात पहिला मजला चढला तेव्हा त्या शेजाऱ्याला एक खोली मिळाली आणि आमचे निम्मे ऊन गेले. ज्यांचे ऊन गेले, त्यांनाही मग मजला हवासा वाटू लागला. माणसाचा खर्च केवळ स्वतःच्या मिळकतीवर नव्हे, तर शेजाऱ्याच्या राहणीवरही ठरतो, हे ड्यूसेनबेरी यांनी 1949 सालीच मांडले होते. मी ते परीक्षेला विचारतोही! खोलीला बाजारात किंमत आहे. चौकातल्या उन्हाला नाही. म्हणून ते हिशेबात येत नाही, आणि गेल्यावरच आठवते.

अर्थात, समाधानाचा उपदेश हा बहुधा पोट भरलेल्याने उपाशी माणसाला केलेला असतो. ज्यांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, ते शेतकरी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. मिळेल त्या मोबदल्यात त्यांनी समाधान मानले असते, तर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला नसता. तेव्हा प्रश्न एवढाच, की ज्याच्याजवळ पुरेसे आहे त्याने ते पुरेसे आहे हे ओळखावे कसे?

माझ्यापुरता तो मुळीच तात्त्विक नाही. मुलगा बारावीला आहे. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करतो. त्याला खोली हवी, हे पत्नीचे म्हणणे खोटे नाही. कर्जमंजुरीचे पत्र खणात पडून आहे आणि सहीला महिनाअखेरची मुदत आहे.

या आठवड्यात मी प्रथमच घड्याळ लावून पाहिले. उरलेले ऊन चौकात आठ वाजून वीस मिनिटांनी येते आणि सव्वानवापर्यंत राहते. समोरच्या आजी तेवढ्या वेळात बाहेर खुर्ची टाकून बसतात. आमचा मजला चढला, तर त्यांची खुर्ची सावलीत जाईल. हे मी पत्नीला सांगितले. दुसऱ्या दिवशी तीही चहाचा पेला घेऊन पायरीवर येऊन बसली. खोलीविषयी मात्र काहीच बोलली नाही.