सार्वजनिक ग्रंथालयातील संगणक आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला, त्या वेळी ग्रंथालय म्हणजे ग्रंथ, वृत्तपत्रे व नियतकालिके एवढाच अर्थ होता. आता अनेक ग्रंथालयांत कपाटांशेजारी संगणकही असतो व त्यावर इंटरनेट उपलब्ध असते. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशा खेड्यांतील मुलांना नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्यास किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल पाहण्यास ही सोय फार उपयोगी पडते. तिचा लाभ निर्धोकपणे कसा घ्यावा, हे विद्यार्थ्यांना शिकविणे शिक्षकांचे कर्तव्य होय.

सार्वजनिक संगणक हा वर्गातील फळ्यासारखा असतो. लिहिलेले पुसले नाही, तर मागाहून येणारा ते वाचतो. संकेतस्थळावर नाव व पासवर्ड घालून प्रवेश केला, की ते संकेतस्थळ संगणकात ओळखीची एक खूण ठेवते. तिला ‘कुकी’ म्हणतात. ही खूण असेपर्यंत पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. केवळ विंडो बंद केल्याने ती नाहीशी होतेच असे नाही आणि मग पुढे बसणाऱ्या अनोळखी व्यक्तीपुढे आधीच्या विद्यार्थ्याचे खाते उघडे राहते. म्हणून काम संपताच ‘लॉग आउट’ करणे अगत्याचे आहे. पासवर्ड जतन करावा काय, असे संगणकाने विचारल्यास ‘नाही’ असेच उत्तर द्यावे.

याहूनही दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कागदपत्रे. अर्जास जोडण्यासाठी मुलाचे छायाचित्र, पालकांची सही, आधार कार्ड यांच्या प्रती संगणकावर घेतल्या जातात. अर्ज रवाना होतो. प्रती मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतात. ‘इन्कॉग्निटो’ विंडो वापरल्यास पाहिलेल्या पानांची नोंद त्या संगणकावर राहत नाही, परंतु उतरवून घेतलेल्या फाइली राहतातच. त्या काढून ‘रिसायकल बिन’ही रिकामा करावा. पैशांचे व्यवहार तर अशा संगणकावर करूच नयेत. कारण दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून ठेवणारे प्रोग्रॅम असतात व ते सहसा नजरेस पडत नाहीत.

अनुचित संकेतस्थळे अडविणारी गाळणी काही ठिकाणी बसविलेली असते. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. कधी ती अभ्यासाचे पानही अडविते, तर कधी वाईट पान सोडून देते. लहान मुले बसतात तो संगणक ग्रंथपालांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवणे इष्ट आहे. तथापि, प्रत्येक ओळ डोकावून वाचणे म्हणजे देखरेख नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

खरा धोका मूल गप्प बसते तेव्हा वाढतो. एखादे बीभत्स चित्र अकस्मात समोर आले किंवा कोणा अनोळखी इसमाने छायाचित्र मागितले, तर ‘आता गुरुजी रागावतील, संगणक बंद होईल’ या भीतीने मूल ते लपविते. धमकावणाऱ्यास हेच हवे असते. यास्तव ‘काहीही घडले तरी येऊन सांगा, तुम्हांला शिक्षा होणार नाही’ हे आश्वासन शिक्षकांनी आधीच द्यावे व ते पाळावे. आलेले संदेश घाईने पुसून टाकू नयेत; ते पुरावा असतात. बालकांच्या मदतीसाठी १०९८, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ अन्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेच्या लौकिकासाठी असे प्रकरण आपसांत मिटविणे हा मुलावर दुसरा अन्याय ठरतो. मात्र मुलाचे नाव गावात पसरणार नाही, ही दक्षता घेतलीच पाहिजे.

हा पाठ देण्यासाठी शाळेत संगणक असलाच पाहिजे असे नाही. फळ्यावर पडद्याचे चित्र काढून ‘लॉग आउट’ कोठे असते, फाइली कोठे राहतात, हे दाखविता येते. ग्रंथालयात जाण्यापूर्वी अर्धा तास यासाठी द्यावा. त्यानंतर प्रत्येक मुलाने उठण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : खाते बंद केले काय, फाइली काढल्या काय आणि पेनड्राइव्ह व कागद परत घेतले काय.