अंगणाची डेडलाइन

गेल्या मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेदहा. दातिवऱ्याच्या आमच्या अंगणात मी नारळाच्या बुंध्याला टेकून बसलोय. हातातलं फावडं कधी पडलं, आठवत नाही. डोळ्यांसमोर काजवे, पोटात ढवळतंय. समोर आई तांब्या घेऊन उभी.

"जिमला जातोस ना रे तू?" एवढंच म्हणाली. बॉसच्या अप्रायझलपेक्षा ते जास्त लागलं!

आठवडाभर मी अंधेरीच्या ऑफिसात, एसी बावीसवर. शनिवारी डहाणू लोकल पकडायची, सफाळ्याला उतरायचं, पुढे एसटीने दातिवरे. बाबा गेल्यापासून आई इथे एकटीच राहते. आगोट लागायच्या आत अंगण साफ झालं पाहिजे, हा घरचा नियम. म्हणून मी एक्सेलमध्ये चक्क लिस्ट बनवली होती. पाला गोळा करणं, झावळ्या ओढणं, आळी करणं, विहिरीभोवतीचं गवत काढणं... एकूण नऊ कामं, एक रविवार. तिसऱ्याच कामाला माझी विकेट पडली.

घाम येतो, पण जातो कुठे?

त्या दिवशी पारा काही चाळीसवर नव्हता. मग झालं काय? आपलं शरीर गार होतं ते घाम आल्यामुळे नाही, घाम वाळल्यामुळे. दातिवऱ्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वैतरणेची खाडी. हवेतच इतकी वाफ, की घाम वाळायलाच तयार नाही. तो नुसता निथळतो, पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि आत इंजिन तापतच राहतं. म्हणूनच हवामान खात्याची मोजपट्टीही किनाऱ्यासाठी वेगळी आहे. सपाट प्रदेशात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंश लागतात. किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ अंशांवर गेलं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, की पुरे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ती माणसं नुसती उन्हात बसली होती. मी तर फावडं मारत होतो.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. उकाड्यात काम करायची सवय शरीराला लागायला एक-दोन आठवडे जातात, तेही रोज थोडं थोडं काम केलं तर. पाच दिवस एसी आणि सहाव्या-सातव्या दिवशी एकदम मजुरी, हा फॉर्म्युलाच चुकीचा. बायसेप्स कितीही असोत!

पेव्हर ब्लॉकचं कोटेशन

सोमवारी ऑफिसात बसून मी सोपा उपाय काढला. अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक. ना पाला, ना गवत, ना कटकट. कोटेशनही मागवलं. फोनवर आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पावसाचं पाणी मुरणार कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. किनाऱ्यावर जमिनीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत असतं. वरून मुरणं कमी झालं आणि पंपाने उपसा वाढला, की खारं पाणी वर सरकतं. "विहीर खारट झाली की काय पिऊ? तुझ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या?" शिवाय दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती उष्णता परत सोडतं. म्हणजे पाल्याची कटकट वाचणार, पण झोप उडणार.

आईची पद्धत साधी आहे. पहाटे साडेपाचला उठायचं आणि एका दिवशी एकच कोपरा. ऊन कौलांवर चढलं की झाडू खाली. उरलेलं संध्याकाळी, नाहीतर उद्या. मी ठरवलं, हेच बरोबर. फक्त तिने रोज आठला काम संपलं की मला मिस्ड कॉल द्यायचा.

एका बुधवारी तो आलाच नाही.

साडेआठ झाले. मी गोरेगाव स्टेशनवर, हातात फोन. शेवटी शेजारच्या काकूंना पाठवलं. आई सोनचाफ्याखाली बसली होती. चक्कर आली होती आणि सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. "तहानच लागली नाही रे," म्हणाली. उतारवयात तहान कमी जाणवते, हे मला तेव्हा कळलं. उकाड्याची सवय तिला होती, पण वय चौसष्ट होतं. आपल्या पिढीचा घोळ हाच. आपण वीकेण्डला जाऊन हिरोगिरी करतो आणि उरलेले पाच दिवस त्यांच्यावर सोडतो.

मग दोघांनी मिळून कामच कमी केलं. झावळ्या उतरवायला माणूस ठरवला. नारळाची सोडणं आळ्यांत उपडी न ठेवता उताणी पुरली, वर सुका पाला पसरला. ओल टिकते, पाणी रोज घालावं लागत नाही आणि पाला जाळायचीही गरज नाही. शेणखताचा खड्डा मात्र मीच उपसला, शनिवारी संध्याकाळी. नारळाचा शत्रू गेंडा भुंगा तिथेच वाढतो. जून उजाडला तेव्हा लिस्टमधली दोन कामं राहिली होती. कुणाचं काही अडलं नाही.

आमचं उन्हाळी टाइमटेबल

• पहाटे साडेपाच ते साडेसात आणि ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात अंगण बंद!

• वीस मिनिटं काम, दहा मिनिटं सावली. तहान लागो न लागो, पाणी प्यायचंच. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा).

• गोळे येणं, चक्कर, मळमळ म्हणजे काम तिथेच थांबवा, सावलीत आडवे व्हा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला.

तेव्हा या वीकेण्डला गावी जात असाल, तर संध्याकाळी पोचा, रविवारी पहाटेचा अलार्म लावा आणि एकच कोपरा घ्या. आणि हो, सोमवारी सकाळी आठला घरी फोन करायला विसरू नका.