निळ्या झाकणाची टाकी

नव्या, मोठ्या एक्स्कॅव्हेटरवर डिझेलच्या तोंडाशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी दिसते. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. खताचा युरिया इंजिनाला कशाला?

डिझेल इंजिनाची अडचण आखूड पांघरुणासारखी आहे: डोकं झाकलं की पाय उघडे. ज्वलन जास्त तापवलं तर काजळी कमी होते. पण त्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू वाढतात. ज्वलन थंड ठेवलं, तर काजळी वाढते.

म्हणून ज्वलन गरमच ठेवतात; वाढलेल्या नायट्रोजन ऑक्साइडवरचा उपाय सायलेन्सरच्या वाटेवर आहे. गरम धुरात युरियाचा फवारा पडतो, त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकावर तो या वायूंचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्याच्या वाफेत करतो.

ही जोडणी आयत्या वेळी बसवता येत नाही. सेन्सर, संगणक, जागा असं सगळं आराखड्यातच बसवावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. धुराचे नियम लागू होण्याची तारीख मात्र सरकार ठरवतं. भारतात ट्रॅक्टरच्या धुराच्या नियमांचा चौथा टप्पा ऑक्टोबर २०२० ला ठरला होता. तो पुढे ढकलत जानेवारी २०२३ ला आला, आणि तेव्हा फक्त ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना लागू झाला. म्हणजे तारीख पुढे गेली की लवकर तयार झालेल्या कंपनीचा पैसा अडकतो, आणि उशीर करणाऱ्या कंपनीला त्या तारखेनंतर जुनं इंजिन बनवताच येत नाही.