जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अडली? दुरुस्तीआधी नोंदी वाचवा

हिवरे बाजार (ता. नगर) : पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडणारे गाव म्हणून हिवरे बाजार ओळखले जाते. अशा कामात एका वर्षाच्या आकड्यापेक्षा अनेक वर्षांच्या नोंदींना किंमत असते. पाऊस, दूध संकलन, बचत गटाचा हिशेब अशा नोंदी अनेक गावांत एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर असतात. एके दिवशी तोच 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असे विचारू लागला तर? घाबरून 'हो' म्हणू नका. 'कॅन्सल' दाबा.

नेमके बिघडते काय?
कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली, याची यादी म्हणजे फाइल सिस्टीम. दप्तरात कागद जागेवर आहेत, पण कोणता कुठल्या कप्प्यात याची यादीच फाटली, असा हा प्रकार. काम चालू असताना लाइट गेली की यादीतली नोंद अर्धवट राहते. अशा वेळी फाइल बरेचदा डिस्कवरच असते, फक्त सापडत नाही. फॉरमॅट केले की जुनी यादीच पुसली जाते आणि फाइल परत मिळणे अवघड होते.

आधी आवाज ऐका
डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर बिघाड यंत्रातच आहे. कॉम्प्युटर लगेच बंद करा. दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालवू नका, डिस्क उघडू नका. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

मग कॉपी
आवाज ठीक असेल तर महत्त्वाच्या फाइल्स आधी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून कॉपी करता येते.

शेवटी दुरुस्ती
'माय कॉम्प्युटर' किंवा 'धिस पीसी' उघडा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' आणि तिथे 'चेक' निवडा. 'सी' ड्राइव्हची दुरुस्ती बहुधा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करताना होते. मोठ्या डिस्कला काही तास लागू शकतात. मध्येच बंद करू नका, लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएस लावूनच बसा.

कॉपी आधी का? कारण हा प्रोग्राम यादी जुळवतो, फाइल वाचवण्याची हमी देत नाही. न जुळणाऱ्या नोंदी तो काढून टाकतो. सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, पण त्यातून मूळ हिशेब दरवेळी उभा राहतोच असे नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा पुन्हा तोच त्रास झाला, तर डिस्क बदलण्याची वेळ आली समजा. नवी डिस्क बाजारात मिळते, पण दहा वर्षांच्या पावसाची नोंद विकत मिळत नाही. म्हणून आठवड्याला एक कॉपी काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.