कॉलेजात ज्यू विद्यार्थ्यांची संघटना चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं? शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या हिलेलची गोष्ट

1923 साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. पुढे त्याचं विदर्भ महाविद्यालय झालं, लोक व्हीएमव्ही म्हणायला लागले, आणि आज पाटीवर शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था असं लांबलचक नाव आहे. कॉलेज आलं तसा खेड्यातून येणाऱ्या पोरांचा प्रश्नही आला. राहायचं कुठं आणि जेवायचं काय? त्यातून अमरावतीत वसतिगृहं उभी राहिली. समाजासमाजाची वसतिगृहं तेव्हाही होती आणि आजही आहेत. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते मात्र सगळ्या जातींच्या मुलांसाठी.

आता त्याच 1923 सालात जरा लांब जाऊ. अमेरिकेत इलिनॉय नावाचं राज्य आहे. तिथल्या विद्यापीठात एडवर्ड चान्सी बाल्डविन नावाचे प्राध्यापक बायबल हे साहित्य म्हणून शिकवायचे. स्वतः ख्रिश्चन. त्यांच्या लक्षात आलं की वर्गातल्या ज्यू मुलांना त्यांच्याच धर्मग्रंथांबद्दल फार काही माहीत नसतं. घर सुटलं, सण सुटले, आणि कॉलेजात त्याबद्दल विचारणारंही कुणी नाही. बाल्डविन यांनी आसपासच्या ज्यू लोकांच्या मागे लकडा लावला की या पोरांसाठी काहीतरी करा. शेवटी बेंजामिन फ्रँकेल नावाच्या पंचविशीतल्या रब्बीने हे काम हातात घेतलं. रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू. संस्थेला नाव दिलं 'हिलेल'. हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ज्यू विद्वानाचं नाव. पुढच्याच वर्षी 'बनाय ब्रिथ' या मोठ्या ज्यू संघटनेने ती आपल्या पंखाखाली घेतली. फ्रँकेल 1927 मध्ये अगदी तरुण वयात वारले. त्यांची संस्था मात्र आज आठशेहून जास्त कॅम्पसवर आहे.

पण अशा संघटनेची गरजच काय होती?

त्या काळात ज्यू मुलं कॉलेजात शिरणं हीच काहींना अडचण वाटत होती. हार्वर्डचे प्रेसिडेंट लॉरेन्स लोवेल यांनी 1922 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. कारण काय, तर ते फार झालेत. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये साधारण पाचात एक ज्यू होता. उघड कोटा फेटाळला गेला, पण प्रवेशाचे निकष असे फिरवले गेले की आकडा आपोआप खाली आला.

युरोपात तर कायदाच झाला. हंगेरीने 1920 मध्ये विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास बांधून टाकलं. पोलंडमध्ये 1937 ला ज्यू मुलांसाठी वर्गात वेगळे बाक ठरवले गेले. कित्येकांनी त्या बाकांवर बसायला नकार दिला आणि लेक्चर उभ्याने ऐकलं. वर्गात कुणाला वेगळं बसवतात म्हणजे काय करतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

याच वातावरणात 1924 मध्ये ज्यू विद्यार्थ्यांची जागतिक संघटना उभी राहिली. ती उभी करणारा तरुण होता हर्श लाउटरपाख्ट, तोही पंचविशीतला. अध्यक्षपदासाठी त्याने थेट अल्बर्ट आइनस्टाइन यांचं नाव मिळवलं. हाच लाउटरपाख्ट पुढे जगातल्या मोठ्या कायदेतज्ज्ञांमध्ये गणला गेला. न्यूरेंबर्ग खटल्यात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही कल्पना आली, त्यामागे त्याचं डोकं होतं.

बरं, मग संघटनेचा लीडर दिवसभर करतो काय?

अकोल्याहून एमएस करायला अमेरिकेत गेलेल्या पोराला हिलेलचं पहिलं दर्शन बहुतेक फुकटच्या खाण्यामुळे होतं. त्यात खोटं काही नाही, कारण अर्धं काम खरंच स्वयंपाकघरातलं आहे.

ज्यू लोकांचा पवित्र दिवस म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडली की संपतो. शुक्रवारचं रात्रीचं जेवण ही हिलेलच्या आठवड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. पन्नास येणार की दीडशे? स्वयंपाक 'कोशर' हवा, म्हणजे डुक्कर नाही, मांस आणि दूध एकत्र नाही, भांडीसुद्धा वेगळी. आपल्याकडे जैन मेस चालवणाऱ्याला यातली कटकट लगेच कळेल.

जेवणाआधी प्रार्थना. इथे लीडरची खरी परीक्षा असते. ज्यूंमध्येही पंथ आहेत. ऑर्थोडॉक्स पंथात सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहाच्या कोरमला 'मिनयान' म्हणतात. रिफॉर्म पंथात बायकाही मोजल्या जातात. मग एकाच इमारतीत एका खोलीत एका पद्धतीची प्रार्थना, शेजारच्या खोलीत दुसऱ्या पद्धतीची, आणि संपलं की सगळे एकाच टेबलावर जेवायला, अशी सोय बऱ्याच कॅम्पसवर केलेली असते. नववा माणूस आला, दहावा नाही, तर लीडर हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज टाकत बसतो.

त्यात काही मुलांची आई ज्यू, वडील नाहीत. काहींचं उलट. परंपरेनुसार आई ज्यू असेल तरच मूल ज्यू मानतात, रिफॉर्म पंथाने अमेरिकेत हा नियम सैल केलाय. दारात उभं राहून तू आत, तू बाहेर असं वीस वर्षांच्या पोराने ठरवायचं का? बहुतेक जण ठरवत नाहीत. ताट वाढतात.

बाकी मग कारकुनी. योम किप्पूर हा वर्षातला सगळ्यात मोठा उपास, जवळपास 25 तासांचा, पाण्याशिवाय. त्या दिवशी पेपर लागला तर प्रशासनाशी बोलायचं. शब्बाथ कडक पाळणारा विद्यार्थी शनिवारी लिहीत नाही, लॅपटॉप उघडत नाही, त्यामुळे शनिवारची परीक्षा म्हणजे त्याची दांडीच. हॉल बुक करायचा, दाराशी सुरक्षा लावायची, पहिल्या वर्षाचा एकटा पडलेला पोरगा हेरून त्याला कॉफीला न्यायचं.

हे सगळं निवडून आलेलं विद्यार्थी मंडळ करतं, आणि त्यांच्यासोबत एक पगारी डायरेक्टर असतो. महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका 1990 च्या दशकात बंद झाल्या, त्यामुळे आपल्या पिढीला विद्यार्थी मंडळ म्हटलं की गॅदरिंगची कमिटी आठवते. तिथे मात्र या मुलांच्या हातात बजेट असतं. फक्त ते पैसे त्यांचे नसतात. पैसे देणगीदारांचे असतात.

दुसरं एक मॉडेलही आहे, आणि ते मुंबईकरांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. 26/11 ला कुलाब्यातल्या ज्या नरिमन हाउसवर हल्ला झाला ते खबाड या ज्यू पंथाचं केंद्र होतं. रब्बी गॅव्रिएल होल्ट्सबर्ग आणि त्यांची बायको रिव्का तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायचे. दोघंही त्या हल्ल्यात मारले गेले, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युअल या आयाने वाचवलं. खबाडची पद्धत जगभर हीच. एक जोडपं येतं, घर थाटतं आणि दार उघडं ठेवतं. कॅम्पसजवळची अशी घरं 1969 पासून, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएपासून सुरू झाली. तिथे निवडणूक नाही, ठराव नाही. घर त्या जोडप्याचं, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच.

मग भांडण कुठे सुरू झालं?

ज्यांच्या संस्थेत ठराव होतात, तिथे भांडणंही होतात. हिलेलच्या केंद्रीय संघटनेने 2010 मध्ये नियम केले की इस्राएलचं ज्यू आणि लोकशाही राष्ट्र म्हणून अस्तित्व नाकारणाऱ्या, किंवा इस्राएलवर बहिष्काराची मागणी करणाऱ्या गटांना किंवा वक्त्यांना हिलेलने व्यासपीठ द्यायचं नाही. अनेक विद्यार्थ्यांना यात गैर काही वाटलं नाही. त्यांच्या मते ज्यूंच्याच घरात ज्यू राष्ट्राच्या विरोधकाला माइक का द्यायचा? पण काही ज्यू विद्यार्थी म्हणाले, आमच्या घरात कुणाला बोलवायचं ते आम्ही ठरवणार.

डिसेंबर 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर या छोट्या कॉलेजच्या हिलेल मंडळाने ठराव केला की आम्ही हे नियम मानणार नाही, आमचं दार सगळ्यांना उघडं. स्वतःला त्यांनी 'ओपन हिलेल' जाहीर केलं. मुख्यालयाचं उत्तर साधारण असं, की मग हिलेल हे नाव वापरू नका. सव्वा वर्ष ओढाताण चालली. कायदेशीर कारवाईचा इशारा आल्यावर मार्च 2015 मध्ये मुलांनी नावच सोडलं आणि 'केहिला' हे नवं नाव घेतलं. हिब्रूत त्याचा अर्थ समुदाय, समाज.

नाव, इमारत, पैसा एकीकडे आणि मुलं दुसरीकडे, असं झालं की संस्था कुणाची? आपल्याकडे समाजाच्या हॉस्टेलात राहिलेल्यांनी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत ऐकलेला असतो. ट्रस्टी म्हणतात आम्ही बांधलं, मुलं म्हणतात राहतो आम्ही.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतर गाझात युद्ध पेटलं आणि हा प्रश्न एकदम जड झाला. कॅम्पसवरच्या ज्यू विद्यार्थ्यांना शिव्या, धमक्या आल्याच्या तक्रारी वाढल्या. 5 डिसेंबरला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या प्रमुखांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. त्यातल्या दोघींना, लिझ मॅगिल आणि क्लोडिन गे यांना, महिन्याभरातच पद सोडावं लागलं. दुसरीकडे गाझासाठी निदर्शनं करणाऱ्यांतही ज्यू विद्यार्थी होते. कोलंबिया विद्यापीठाने नोव्हेंबरमध्ये ज्या दोन संघटनांना निलंबित केलं, त्यात 'ज्युइश व्हॉइस फॉर पीस' ही ज्यूंचीच संघटना होती.

एप्रिल 2024 मध्ये कोलंबियाच्या हिरवळीवर तंबू पडले. तेवढ्यात पेसाह आला. हा ज्यूंचा सुटकेचा सण, इजिप्तच्या गुलामीतून बाहेर पडल्याची आठवण. काही ज्यू विद्यार्थ्यांनी सणाचं जेवण त्या तंबूंमध्येच केलं. त्याच दिवसांत कॅम्पसशी जोडलेल्या एका ऑर्थोडॉक्स रब्बीने विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं की इथे तुम्ही सुरक्षित नाही, शक्य तितक्या लवकर घरी जा. तिथल्या हिलेलची भूमिका उलटी होती. ज्यू विद्यार्थ्यांनी विद्यापीठ सोडून जाऊ नये, त्यांना सुरक्षित ठेवणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे.

हे तिन्ही गट ज्यूच. आणि त्या शुक्रवारी जेवणाची यादी करणारा लीडर विशीतला, त्याचीही परीक्षा तोंडावर. यात कोण बरोबर हे इथे बसून सांगणं सोपं आहे. त्याला मात्र तिघांनाही त्याच टेबलावर बसवायचं होतं.

आणि महाराष्ट्रात?

मराठी बोलणारे ज्यू आपल्याकडे शतकानुशतकं आहेत. बेने इस्राएल. केहीमकर, राजपूरकर, पेणकर ही त्यांची आडनावं, कोकणातल्या गावांवरून आलेली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. वर ज्या शनिवारच्या पेपरची गोष्ट आली, तिचा हा जुना कोकणी अवतार.

शिक्षणात हा समाज लवकर उतरला. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्येच हिब्रू व्याकरणाचं पुस्तक मराठीत काढलं, बेने इस्राएल मुलांना डोळ्यासमोर ठेवून. पण मिशनऱ्यांच्या शाळेत शिकायचं आणि धर्मही टिकवायचा, ही कसरत होती. हाईम सॅम्युअल केहीमकर आणि सहकाऱ्यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली रिबेका रूबेन याच समाजातली. पुढे वर्षानुवर्षं त्या शाळेची धुरा तिनेच सांभाळली. आज त्या शाळेतले बहुतांश विद्यार्थी ज्यू नाहीत.

कारण सरळ आहे. 1951 मध्ये भारतात 26 हजारांच्या आसपास ज्यू होते. पुढे बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. 2011 च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या घरात, महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास. तेही मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमध्ये. राज्य सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे दाखले, शिष्यवृत्त्या यांची वाट थोडी सोपी झाली. केंद्राच्या सहा अल्पसंख्याक समाजांच्या यादीत मात्र ते अजून नाहीत.

आता हिशोब करा. अडीच हजारांतले दहात एक कॉलेजच्या वयाचे धरले तरी अडीचशे पोरं, आणि ती सगळ्या राज्यभरच्या कॉलेजांत विखुरलेली. म्हणून इथला ज्यू तरुणांचा लीडर कॉलेजात नाही, शहरात काम करतो. मुंबईतल्या ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये किंवा ठाण्याच्या 1879 सालच्या शार हाशमाइम सिनेगॉगमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं सणाला एकत्र येतात. अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम असे पाच जिल्हे येतात. इथे एखादा ज्यू विद्यार्थी आलाच, तर मिनयानसाठी त्याला आणखी नऊ जण लागतील, आणि त्यासाठी त्याला शुक्रवारी दुपारच्या आत मुंबईत पोहोचावं लागेल. म्हणजे गुरुवारी रात्रीच गाडीत बसायचं आणि शुक्रवारचं लेक्चर बुडवायचं.