पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेताना

सुट्टीहून परतणाऱ्या छात्रांच्या ट्रंकेत हल्ली एखादी दुर्बीण हमखास असते. आईवडिलांनी हौसेने घेऊन दिलेली, पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘३० × ६०’ छापलेली. पहिल्या रविवारी ती मैदानावर येते, सगळे एकेकदा डोळ्याला लावून बघतात, कुणाला काही नीट दिसत नाही आणि महिनाभरात ती लॉकरच्या तळाशी जाते. पैसे तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे ‘पक्षी बघणं आपल्याला जमत नाही’ असा त्या मुलाचा समज होतो. दोष बहुतेक वेळा मुलाचा नसतो, दुर्बिणीचा असतो. म्हणून लहान आकाराची आणि परवडणारी दुर्बीण कशी निवडावी, ते येथे पाहू.

आकडे काय सांगतात?

दुर्बिणीवर ८ × २५, ८ × ४२ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे दृश्य किती पट जवळ दिसेल. ८ पटीच्या दुर्बिणीतून ८० मीटरवरची टिटवी १० मीटरवर असल्यासारखी दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे, तितका प्रकाश जास्त आणि वजनही जास्त.

पहिला आकडा मोठा तितकी दुर्बीण चांगली, हा गैरसमज आहे. दुर्बीण पक्ष्याला जसे मोठे करते, तसे हाताच्या थरथरीलाही मोठे करते. शिवाय पट वाढली की दिसणारा भाग आकसतो आणि फांद्यांतून उड्या मारणारा शिंजीर सापडतच नाही. १० पटीच्या पुढची दुर्बीण तिवईवाचून स्थिर धरणे फार कठीण. पक्ष्यांसाठी ८ पट पुरेशी आहे. पट कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त ‘झूम’ दुर्बिणीही टाळाव्यात.

एक सोपा भागाकार

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. येणारे उत्तर म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची मिलिमीटरमधली जाडी. १० × २५ मध्ये ती २.५, ८ × २५ मध्ये ३.१, ८ × ३२ मध्ये ४ आणि ८ × ४२ मध्ये सव्वापाच येते.

भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा छोटी दुर्बीणही चालते. पण उजाडताना आणि सांजावताना बाहुली मोठी होते आणि बारीक झोत अपुरा पडतो. छात्रांना मोकळा वेळ मिळतो तो नेमका अशाच वेळी, आणि पक्षीही याच वेळी जास्त हालचाल करतात. नौदलातली ७ × ५० दुर्बीण एवढी जड का, याचेही उत्तर यातच आहे. तिचा झोत सात मिलिमीटरचा असतो, म्हणजे अंधारात पूर्ण उघडलेल्या तरुण बाहुलीएवढा.

मग कोणती घ्यावी?

८ × ४२ दुर्बीण सर्वांत सुखाची, पण ती साधारण पाऊण किलोची असते. ८ × २५ त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची असते आणि खिशात मावते, पण तिचे भिंग ४२ च्या मानाने सुमारे एक-तृतीयांश प्रकाशच गोळा करते. दोन्हींच्या मधली ८ × ३२ छात्राला सर्वांत सोयीची: लॉकरमध्ये मावते, लांब चालताना गळ्याला जड होत नाही आणि संध्याकाळीही दगा देत नाही. खिशातलीच हवी असेल तर १० × २५ ऐवजी ८ × २५ घ्यावी. ८ × २१ त्याहून अंधूक.

पालकांना एक सुचवावेसे वाटते. दोन मुलांना दोन खेळण्यातल्या दुर्बिणी घेण्यापेक्षा दोन कुटुंबांनी मिळून एक चांगली घ्यावी. पक्षी बघायला जोडीनेच जायचे असते. एकाने दुर्बीण धरावी, दुसऱ्याने वहीत नोंद करावी आणि थोड्या वेळाने अदलाबदल करावी.

दुकानात काय तपासावे?

१. दुर्बीण हात लांब करून उजेडाच्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे मात्र कधीही नाही. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसेल. तो पूर्ण गोल असावा. कडा कापल्यासारखा चौकोनी दिसला, तर आतले लोलक हलक्या प्रतीचे आहेत.

२. पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग बरेच असतात. चांगल्या लेपाचे प्रतिबिंब मंद हिरवे किंवा जांभळे दिसते. आरशासारखी लालभडक चमकणारी भिंगे घेऊ नयेत.

३. दुकानाच्या दारात येऊन दूरचा विजेचा खांब पाहा. तो दोन दिसला, किंवा मिनिटभरात डोळे ताणल्यासारखे वाटले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण परत करा.

४. चष्मा असेल तर चष्म्यासकट पाहा. डोळ्याकडचे रबरी कप खाली करूनही पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. त्यासाठी डोळा आणि भिंग यांत साधारण १५ मिलिमीटर अंतर मिळावे लागते.

५. दृश्याची रुंदी पाहा. ती अंशांत किंवा ‘१००० मीटरवर इतके मीटर’ अशी छापलेली असते. १ अंश म्हणजे १००० मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर, म्हणून ८ अंश म्हणजे १४० मीटर. फील्डक्राफ्टमध्ये शिकलेले आठवा: हात लांब करून धरलेली मूठ साधारण आठ अंश झाकते. दुर्बिणीतून तेवढेच आकाश दिसते.

वापरण्याची शिस्त

आधी दोन्ही नळ्या डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे जुळवा, म्हणजे एकच वर्तुळ दिसेल. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी फोकस करा. नंतर डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरचे कडे फिरवा. त्या कड्याची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधले चाक फिरवायचे.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. मान खाली घालून दुर्बीण शोधत बसलात तर पक्षी गेलाच समजा. जोडीदाराला जागा सांगताना घड्याळाची पद्धत वापरा: “समोरचे चिंचेचे झाड, मध्यापासून दोन वाजता, उघडी फांदी, टोकाला नीलपंख.” बोट दाखवण्यापेक्षा हे अचूक, आणि हात हलला नाही म्हणून पक्षीही उडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी कधीही विसरू नये. छावणी, विमानतळ, फायरिंग रेंज यांच्या आसपास परवानगीवाचून दुर्बीण काढायची नाही. आवारातही आधी हाउसमास्तरांना सांगावे.

भिंगे शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीचा कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग चष्म्याच्या फडक्याने हलकेच पुसा. पावसाळ्यात दमट लॉकरमध्ये भिंगांवर बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दुर्बीण ठेवा.

दर फेब्रुवारीत देशभर शाळा-महाविद्यालयांच्या आवारांतले पक्षी मोजले जातात. या कॅम्पस बर्ड काउंटसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. किमान पंधरा मिनिटे शांतपणे पाहून जे दिसले ते खरे खरे लिहायचे. आपल्या परेड मैदानाच्या कडेला टिटवी, धोबी, कोतवाल आणि हुदहुद आहेत का, हे या वेळी एका चांगल्या दुर्बिणीतून मोजून पाहा.